मानसिंग तोच का? चंबळच्या चित्रपटांची एक फॅन थिअरी

(दृश्य: ग्वाल्हेर सोडून उत्तरेकडे निघालेली रेल्वेगाडी. बानमोर मागे पडतं, मुरैना येतं. खिडकीबाहेर मातीच्या घळी, बाभळी, पुन्हा घळी.)

मनोज बाजपेयी यांनी पडद्यावर मानसिंग नावाचा डाकू दोनदा उभा केला आहे. पहिल्यांदा १९९४ साली, डाकूराणी फूलनदेवींवरच्या, शेखर कपूर यांच्या 'बँडिट क्वीन'मध्ये. दुसऱ्यांदा २०१९ साली, अभिषेक चौबे यांच्या 'सोनचिडिया'मध्ये. मध्ये पंचवीस वर्षं गेली. नट तोच, नाव तेच, चंबळचं खोरंही तेच. मग माणूसही तोच का?

प्रश्न चित्रपटवेड्यांचा आहे, पण ग्वाल्हेरात तो विचारला की उत्तर घराघरातून येतं. विशेषतः शहरातल्या लष्कर या भागात. दौलतराव शिंद्यांची छावणी पडली तेव्हापासून इथे मराठी घरं आहेत. बाडा, जनकगंज, दौलतगंज या भागांत अजूनही दारावर मराठी आडनावं दिसतात. आणि या घरांना डाकू कळले ते आधी बातम्यांतून आणि घरच्या गप्पांतून. चित्रपट नंतर आले.

(दृश्य: जुन्या वाड्याची ओसरी. टीव्हीवर 'सोनचिडिया' थांबवून ठेवलेला. काका आणि पुतण्या.)

पुतण्या म्हणतो, "काका, हा तोच मानसिंग. फूलनबरोबर होता ना, तोच. इथे म्हातारा झालाय."

काका म्हणतात, "अरे, म्हातारा कसा होईल? हे पिक्चर आणीबाणीतलं आहे. फूलन नंतरची. तुझा मानसिंग आधी म्हातारा आणि मग तरुण झाला की काय?"

"मग जुना मानसिंग असेल. तुम्ही सांगायचात तो."

"जुना पंचावन्न सालीच गेला. आमच्या वडिलांच्या तोंडून ऐकलंय ते."

एवढ्या चार वाक्यांत आजच्या आपल्या विषयाचं सगळं मर्म आलं. गुन्हेगारीचे दोन वेगळे चित्रपट एकाच जगात घडतात, असं म्हणायला पुरावा कोणता लागतो? नट? नाव? गाव? की साल?

(दृश्य: काळा पडदा. त्यावर एकामागून एक चित्रपटांची नावं.)

जगभरचे रसिक हा खेळ मनापासून खेळतात. क्वेंटिन टॅरंटिनो यांच्या 'रिझर्व्हॉयर डॉग्ज'मध्ये, म्हणजे १९९२ साली, व्हिक व्हेगा नावाचा एक थंड डोक्याचा क्रूर गुंड आहे. १९९४ च्या 'पल्प फिक्शन'मध्ये व्हिन्सेंट व्हेगा येतो. आडनाव एकच, म्हणून लोकांनी ते भाऊ ठरवले, आणि टॅरंटिनोंनीही ते भाऊच असल्याचं सांगून टाकलं. याहून मला आवडतं ते रे निकोलेटचं उदाहरण. एल्मोर लेनर्ड यांच्या कादंबऱ्यांवरून दोन वेगळ्या दिग्दर्शकांनी दोन चित्रपट केले: १९९७ चा 'जॅकी ब्राऊन' आणि १९९८ चा 'आउट ऑफ साइट'. कंपन्या वेगळ्या होत्या. तरी पोलिसी खात्यातला रे निकोलेट हा माणूस दोन्हीकडे आहे आणि दोन्हीकडे तो मायकल कीटन यांनीच केला आहे. तिथे नाव, नट, धंदा, काळ, सगळं जुळतं. शंकेला जागाच उरत नाही.

आपल्याकडे तमिळ दिग्दर्शक लोकेश कनगराज यांनी हेच उघडपणे केलं. 'कैथी' २०१९ चा. त्यातला पोलीस अधिकारी बिजॉय २०२२ च्या 'विक्रम'मध्ये पुन्हा येतो, तोच नट घेऊन, मागची जखम घेऊन. आणि हा 'विक्रम' पुन्हा १९८६ च्या कमल हासन यांच्या त्याच नावाच्या चित्रपटाशी जोडलेला. रोहित शेट्टींचा सिंघम दुसऱ्याच्या चित्रपटात मदतीला येतो, तेही जाहीर नातं आहे. निर्मात्यानेच सांगितल्यावर प्रेक्षकाला शोधायचं काही राहत नाही.

चंबळचं तसं नाही. इथे कुणी काही जाहीर केलेलं नाही. जे जोडायचं ते आपणच जोडायचं, आणि म्हणून ते नीट जोडलं पाहिजे.

(दृश्य: 'सोनचिडिया'ची सुरुवात. वाटेवर मेलेला साप, त्यावर घोंघावणाऱ्या माश्या.)

हा प्रसंग पुन्हा पाहा. टोळी चालली आहे आणि वाटेत साप मरून पडला आहे. बाकीचे थबकतात, अपशकुन मानतात. मानसिंग पुढे होतो. त्याच्या वागण्यात घाई नाही, भीतीही नाही. आपलं भरत आलंय हे कळलेल्या माणसाचा संथपणा आहे. बाजपेयींनी इथे आवाज खाली ठेवला आहे, खांदे किंचित पाडले आहेत. 'बँडिट क्वीन'मधला त्यांचा मानसिंग आठवा: मोजके संवाद, डोळ्यांत तेज, फूलनच्या मागे सावलीसारखा उभा. एकाच माणसाची तरुणपणीची आणि उतारवयातली दोन रूपं वाटावीत, इतकं हे जमून येतं. थिअरी इथूनच जन्माला आली असणार, आणि ती ज्याला सुचली त्याची नजर चांगली आहे असं मी म्हणेन.

पण साल पाहा. 'सोनचिडिया' घडतो १९७५ मध्ये. रेडिओवर आणीबाणीची बातमी येते. आणि त्या चित्रपटात मानसिंग लग्नघरी दरोडा घालायला जातो आणि पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडतो. 'बँडिट क्वीन'मधला मानसिंग हा खऱ्या माणसावरून घेतलेला आहे. फूलनदेवींचा तो साथीदार १२ फेब्रुवारी १९८३ ला भिंडमध्ये त्यांच्याबरोबर शरण आला, समोर मुख्यमंत्री अर्जुनसिंह होते. १९७५ मध्ये मेलेला माणूस १९८३ मध्ये बंदूक खाली ठेवू शकत नाही.

मग तिसरा, काकांचा मानसिंग. तो सगळ्यांत मोठा. आग्र्याकडच्या खेडा राठोडचा, ज्याच्या नावाने अख्खं खोरं ओळखलं जायचं. तेव्हा मध्य भारत नावाचं राज्य होतं आणि ग्वाल्हेर त्याची हिवाळी राजधानी होती, म्हणजे त्या डाकूची डोकेदुखी थेट इथल्या कचेऱ्यांची होती. १९५५ साली तो चकमकीत मारला गेला. 'सोनचिडिया'ने त्याचं नाव आणि त्याचा दरारा घेतला, काळ मात्र वीस वर्षं पुढे सरकवला.

तीन मानसिंग झाले. एकही दुसऱ्याशी जुळत नाही.

फुलियाचंही तेच. 'सोनचिडिया'त फुलिया नावाची डाकूराणी येते आणि थिएटरात कुजबुज होते, ही फूलन. पण फूलनदेवींचा जन्म १० ऑगस्ट १९६३ चा. आणीबाणी लागली तेव्हा त्यांना बारावंही पूर्ण झालं नव्हतं. चौबेंनी त्या व्यक्तिरेखेवर फूलनची छाया मुद्दाम पाडली आहे, यात मला शंका नाही. पण छाया पाडणं वेगळं आणि तीच व्यक्ती असणं वेगळं.

(दृश्य: मुंबईचा समुद्र. १९९८.)

आता खरी गोष्ट. चंबळचं जोडलेलं जग शोधायचं तर ते घळींत सापडत नाही. ते मुंबईत सापडतं, राम गोपाल वर्मांच्या 'सत्या'मध्ये.

'बँडिट क्वीन'मधली नटमंडळी एकेक करून मोजा. मानसिंग, मनोज बाजपेयी. टोळीशी संधान असलेला कैलाश, सौरभ शुक्ला. फूलनचा नवरा पुत्तीलाल, आदित्य श्रीवास्तव. ठाकूर श्रीराम, गोविंद नामदेव. आता 'सत्या' लावा. भिकू म्हात्रे बाजपेयी. कल्लूमामा शुक्ला, आणि अनुराग कश्यपांबरोबर पटकथाही त्यांचीच. इन्स्पेक्टर खांडिलकर श्रीवास्तव. भाऊ ठाकूरदास झावले नामदेव. चंबळची अर्धी टोळी चार वर्षांत मुंबईत येऊन वसली आहे.

नुसते चेहरेच आले असते तर मी एवढं बोललो नसतो. नाती बघा. 'बँडिट क्वीन'मध्ये नामदेवांचा श्रीराम हा दगाबाज. टोळीतल्याच, फूलनचा जोडीदार असलेल्या विक्रम मल्लाहचा तो काटा काढतो आणि फूलनचं सगळं उद्ध्वस्त होतं. 'सत्या'मध्ये नामदेवांनी केलेला राजकारणी भाऊ झावले निवडणूक जिंकतो, आणि ज्या भिकूने त्याच्यासाठी जिवाचं रान केलं त्यालाच बोलता बोलता गोळी घालतो. खोऱ्यात काय आणि शहरात काय, वरच्याने खालच्याला वापरायचं आणि काम झालं की संपवायचं. नट तोच, घातही तोच. फरक एवढाच की भाऊचा हिशेब नायक सत्या गणपती विसर्जनाच्या गर्दीत, चौपाटीवर चुकता करतो. लष्करातल्या मराठी माणसाला तो प्रसंग मुंबईकरापेक्षा वेगळा भिडतो, असं मला वाटतं: मूर्तीसमोरची ती झुंबड आपल्या ओळखीची आहे, आणि तिच्यात सुरा घेऊन घुसलेला माणूसही चंबळच्या बाजूने आलेला वाटतो.

ही माणसं एकत्र आली कशी? 'बँडिट क्वीन'ची पात्रनिवड केली होती तिग्मांशू धुलिया यांनी. रंगभूमीवरची, पडद्याला अनोळखी अशी मंडळी त्यांनी वेचून आणली. त्यातल्या बऱ्याच जणांना त्यानंतरची काही वर्षं कामासाठी मुंबईत वणवण करावी लागली आणि मग 'सत्या' आला. 'बँडिट क्वीन'च्याच दिवसांत धुलियांच्या कानावर एका धावपटूची हकीकत आली. स्टीपलचेसचा, म्हणजे अडथळ्यांच्या शर्यतीचा, सात वेळचा राष्ट्रीय विजेता, १९५८ च्या टोकियो एशियाडला देशाकडून धावलेला फौजी, जमिनीच्या भांडणातून बागी, म्हणजे डाकू, झालेला. २०१२ मध्ये इरफान खान यांना घेऊन 'पानसिंग तोमर' आला तो तिथून.

म्हणजे एका चित्रपटातून दोन फांद्या फुटल्या. एक मुंबईच्या टोळ्यांकडे गेली, दुसरी फिरून मुरैना जिल्ह्यातल्या भिडोसा गावात आली. पात्रांचं युनिव्हर्स नाही म्हणा हवं तर. पण माणसांचं आहे, आणि कागदावर सिद्ध करता येतं.

(दृश्य: 'शोले'चा खडकाळ डोंगर.)

गब्बरबद्दल लोक विचारतातच, म्हणून थोडक्यात. खरा गब्बरसिंग भिंडकडचा, लोकांची नाकं कापणारा. १३ नोव्हेंबर १९५९ ला मध्य प्रदेशचे पोलीसप्रमुख रुस्तमजी यांच्या पोलिसांनी त्याला टिपला. सलीम खान इंदूरचे, वडील पोलीस खात्यात वरच्या हुद्द्यावर, तेव्हा हे नाव 'शोले'त कसं पोचलं ते वेगळं सांगायला नको. पण पोचलं ते नावच. चित्रीकरण कर्नाटकात, रामनगरला. त्या गब्बरला मी या जगात धरत नाही.

(दृश्य: ग्वाल्हेरच्या मध्यवर्ती तुरुंगाची बाहेरची भिंत. वाहती रहदारी.)

एक गोष्ट मात्र ग्वाल्हेरकर म्हणून सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. व्हेगा बंधू कुणाच्या तरी डोक्यातून निघाले. त्यांचे धागे कसेही ओढा, कुणाचं काही बिघडत नाही. शरणागतीनंतर फूलनदेवींनी मात्र बरीच वर्षं याच शहरातल्या तुरुंगात काढली. त्या इथे होत्या तेव्हा या भिंतीबाहेरच्या रस्त्यावरून शाळेत गेलेली मुलं आज पन्नाशीला टेकली आहेत. १९९४ मध्ये त्या सुटल्या, त्याच वर्षी चित्रपट आला आणि त्या स्वतः त्याच्याविरुद्ध कोर्टात गेल्या. आपल्या आयुष्याचं काय दाखवलं यावर त्यांचा आक्षेप होता. बेहमई गावात १४ फेब्रुवारी १९८१ ला फूलनच्या टोळीकडून मारल्या गेलेल्यांची घरंही आहेत. एका चित्रपटातली फूलन दुसऱ्यातल्या फुलियाला चिकटवली, की न घडलेलं काही एका खऱ्या बाईच्या नावावर चढतं. म्हणून मी सालावर अडून बसतो. काकांनी पुतण्याला जे विचारलं, तेच प्रत्येक थिअरीला विचारायला हवं.

आणि सालं लावली की एक थिअरी अशी निघते, जी मला अजून तरी मोडता आलेली नाही. बेहमई फेब्रुवारी १९८१ मधलं. पानसिंग तोमर पोलिसांच्या गोळ्यांनी पडला १ ऑक्टोबर १९८१ ला. मध्ये आठ महिनेही नाहीत. एक टोळी यमुनेच्या काठी, दुसरी चंबळच्या, पण पोलिसांचा ससेमिरा तोच आणि वर्तमानपत्रंही तीच. 'बँडिट क्वीन' आणि 'पानसिंग तोमर' हे दोन चित्रपट एकमेकांना कुठेही छेद न देता एकाच कॅलेंडरवर बसतात. पडद्यावरची फूलन आणि पडद्यावरचा पानसिंग यांनी एकमेकांची नावं ऐकली असणार, असं मानायला कसलीच अडचण नाही.

पाहायचे तर या क्रमाने पाहा. आधी 'सोनचिडिया', १९७५ साठी, वेगळं जग म्हणून. मग 'बँडिट क्वीन' बेहमईपर्यंत, आणि तिथे थांबवा. 'पानसिंग तोमर' लावा आणि शेवटच्या धावेपर्यंत जाऊ द्या. मग परत 'बँडिट क्वीन', भिंडच्या शरणागतीसाठी. आणि दुसऱ्या दिवशी 'सत्या'. भाऊ पहिल्यांदा पडद्यावर येईल तेव्हा शेजारी बसलेल्याला विचारा, हा श्रीराम मुंबईत केव्हा आला म्हणून.