पत्ता गाण्यातच होता

मंडळी, आज सोबत बऱ्याच तबकड्या आणल्या आहेत, पण सगळा वेळ बहुधा एकीवरच जाणार. डिसेंबर १९२८. मिसिसिपी राज्यात शेतावर राबणारे जॉन हर्ट 'ओके' नावाच्या रेकॉर्ड कंपनीच्या बोलावण्यावरून न्यूयॉर्कला आले होते. नाताळ तोंडावर आलेला, घर लांब. त्या मुक्कामात ते जे गायले त्याचा भावार्थ असा: न्यूयॉर्क चांगलं आहे, पण ते माझं नव्हे, माझं गाव अ‍ॅव्हलॉन, ते सारखं मनात असतं.

ऐकताना आधी गिटारकडे कान द्या. अंगठा खर्जाच्या तारांवर ठेका धरून असतो, एकदाही चुकत नाही, आणि बाकीची बोटं वर चाल वाजवत राहतात. दोन माणसं वाजवताहेत असं वाटतं. आवाज मात्र ओसरीवर बसून शेजाऱ्याशी बोलावं तसा. कुठेही ताण नाही.

हर्ट यांच्या रेकॉर्डी फारशा खपल्या नाहीत. पुढच्या वर्षी मंदी आली, रेकॉर्डचा धंदाच झोपला, आणि हर्ट पुन्हा शेतीच्या कामाला लागले.

१९५२ साली हॅरी स्मिथ या संग्राहकानं स्वतःच्या साठ्यातल्या ८४ जुन्या मुद्रणांचा एक संच फोकवेज कंपनीतर्फे काढला. त्यात हर्ट यांची दोन गाणी होती. या संचातली एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. विसाच्या दशकात कंपन्या काळ्या गायकांची यादी वेगळी छापत, गोऱ्या डोंगरी गायकांची वेगळी. स्मिथनं दोघांना शेजारी बसवलं आणि कोण काळा, कोण गोरा हे लिहिलंच नाही. परिणाम असा, की हर्ट हे डोंगराळ भागातले कुणी गोरे गायक असावेत असं लोक कितीतरी वर्षं समजत होते. कान मोकळे असले की याद्या टिकत नाहीत, हे मी तेव्हापासून मानतो.

मग १९६३. टॉम हॉस्किन्स या तरुणाच्या हाती ते न्यूयॉर्कचं गाणं टेपवर आलं. गावाचं नाव तर स्वच्छ ऐकू येत होतं, पण चालू नकाशांत ते सापडेना. शेवटी एका जुन्या अ‍ॅटलासमध्ये मिळालं. हॉस्किन्स मिसिसिपीत गेला आणि विचारत विचारत थेट दारात पोचला. सांगतात, की हा सरकारी माणूस आपल्याला पकडायला आलाय असंच हर्टना आधी वाटलं. सत्तरीचे झाले होते. घरात स्वतःची गिटारही नव्हती.

याला सगळे 'शोध' म्हणतात. मला तो शब्द खटकतो. हर्ट हरवले नव्हते, आपल्या गावातच होते. पस्तीस वर्षं त्यांचा पत्ता तबकडीवर कोरलेला होता, पण तो पत्ता म्हणून कुणी ऐकला नव्हता. त्याच उन्हाळ्यात ते न्यूपोर्टच्या लोकसंगीत महोत्सवात गायले. १९६६च्या नोव्हेंबरात गेले. जेमतेम तीन वर्षं मिळाली.

सगळ्यांच्या वाट्याला तेवढीही आली नाहीत. विस्कॉन्सिनमधल्या एका खुर्च्यांच्या कारखान्यानं 'पॅरामाउंट' हा रेकॉर्डांचा छाप चालवला. ब्लूजचा, म्हणजे अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या गाण्यांचा, केवढा ठेवा त्यांनी छापला, आणि तो किती हलक्या मालावर! सुई ठेवली की आधी खरखरच ऐकू येते. मंदीत तो धंदा बंद पडला आणि मूळ साचे गेले भंगारात. पुढे युद्ध आलं. या तबकड्या लाखेच्या, आणि ती लाख मुख्यतः आपल्याकडून, पळस, बोर, कुसुमाच्या झाडांवरून जायची. १९४२ साली अमेरिकी सरकारनं रेकॉर्डांसाठीच्या लाखेवर कडक बंधनं घातली, तेव्हा लोकांकडून जुन्या तबकड्या गोळा करून त्या दळून नव्या केल्या गेल्या. काय काय दळलं गेलं असेल, या विचारानं मला अजून अस्वस्थ व्हायला होतं.

ब्लूज गायक सन हाउस यांनी १९३० साली पॅरामाउंटसाठी केलेल्या तबकड्यांपैकी एक कुणालाच ऐकायला मिळाली नव्हती. ती थेट २००५ साली हाती आली. त्याच फेरीत त्यांचे सोबती विली ब्राउन यांनीही गायलं होतं. त्यांची एक तबकडी आपल्याकडे आहे, ती मी शेवटी लावणार आहे. दुसरीची एकही प्रत आजवर मिळालेली नाही. १९३६ साली ब्लूज गायक रॉबर्ट जॉन्सन एका गाण्यात कळवळून सांगतात, की धावत जा आणि माझ्या मित्राला, विली ब्राउनला, निरोप दे. ते नाव जगभर लाखो लोकांनी ऐकलंय. पण त्या नावाच्या माणसानं त्या दुसऱ्या तबकडीवर काय गायलं, ते आज हयात असलेल्या कुणीही ऐकलेलं नाही.