दारातला कचरा

[दृश्य : जुनी चार मजली सोसायटी, जिना. हातात बादली घेतलेल्या ताई वर जाताना]

सकाळचे साडेसात. पुण्यातली जुनी सोसायटी, लिफ्ट नाही. या ताई चौथ्या मजल्यापासून सुरुवात करतात, कारण भरलेली बादली उतरवायची असते, चढवायची नाही. एक बेल, दोन सेकंद थांबायचं, घरातल्या बाईला हाक, "ताई, कचरा!" आणि पुढचं दार. खाली ढकलगाडीपाशी त्यांची जोडीदारीण उभी आहे. दोघींच्या वाट्याला मिळून दोन-तीनशे घरं येतात.

[दृश्य : हात, अगदी जवळून]

बादली ओतली की हात सुटतात. ओलं एका डब्यात. दुधाच्या पिशव्या वेगळ्या, पाण्याच्या बाटल्या वेगळ्या. पुठ्ठा पायाखाली दाबून सपाट करायचा आणि गाडीच्या कडेला उभा लावायचा, म्हणजे जागा कमी लागते. वेफर्सचं चकचकीत पाकीट टाकाऊच्या पोत्यात. त्याला भंगारवाला विचारत नाही. ताईंची नजर समोरच्या बाईशी बोलण्यात आहे, तरी हात चुकत नाहीत.

आता हा पुडा बघा. वर्तमानपत्रात गुंडाळलेला, वर लाल ठिपका. तो न उघडता बाजूला गेला. "वापरलेले पॅड, डायपर कागदात गुंडाळून वर लाल खूण करा, म्हणजे आम्हाला हात घालून बघावं लागणार नाही," ही मागणी पुण्याच्या कचरावेचक बायकांचीच. कंपन्यांनी पॅड आणि डायपरसोबत गुंडाळायला पिशवी द्यावी, असं 2016 च्या केंद्राच्या घनकचरा नियमांतच आलं. ती पिशवी या कचऱ्यात फारशी दिसली नाही. ठिपकेही मोजकेच.

[दृश्य : जुनी छायाचित्रं. कचराकुंडी, डोक्यावर पोतं घेतलेल्या बायका]

गणवेश आणि ढकलगाडीच्या आधीचं चित्र हे. 1972 च्या दुष्काळात मराठवाडा, सोलापूर, नगरकडची कितीतरी कुटुंबं पुण्यात आली. त्यातल्या दलित समाजातल्या अनेक बायकांच्या हाती पोतं आलं. कुंडीत वाकायचं, कागद, काच, पत्रा वेचायचा आणि संध्याकाळी भंगारच्या दुकानात तराजूवर टाकायचा. दिवसभर कुत्री मागे, पोलिसांचा संशय वर. शहराच्या लेखी हे काम नव्हतंच.

नव्वदच्या आसपास एसएनडीटी महिला विद्यापीठाच्या प्रौढशिक्षण विभागाच्या कार्यकर्त्या या वस्त्यांमध्ये जाऊ लागल्या. लक्ष्मी नारायण आणि पौर्णिमा चिकरमाने त्यांच्यात होत्या. मुलं शाळेऐवजी आईबरोबर कुंडीवर जातात, हे त्यांनी पाहिलं. मग विचार पुढे सरकला : कचरा घरातच वेगळा झाला आणि थेट दारातून मिळाला, तर कुंडीत वाकायचंच कशाला? कोरेगाव पार्कात काही बायकांनी तसं काम सुरूही केलं. ते बघून तिथे एक व्यावसायिक गाडी घेऊन आला. घराघरातून कचरा मीच नेतो, म्हणाला. बायका रस्त्यावर उतरल्या, गाडी मागे गेली. कचऱ्यावर हक्क कुणाचा, हा प्रश्न मात्र तिथेच जन्मला.

1993 मध्ये डॉ. बाबा आढाव यांच्या पुढाकाराने शहरभरच्या कचरावेचकांची परिषद भरली आणि कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही त्यांची संघटना उभी राहिली. आढावांसारखा, हमालांची संघटना म्हणजे हमाल पंचायत बांधलेला माणूस सोबत होता, त्यामुळे असंघटितांची संघटना कशी चालवतात हे नव्याने शिकावं लागलं नाही.

[दृश्य : ओळखपत्र, प्लॅस्टिकच्या आवरणात, कडा झिजलेल्या]

पहिली मोठी कमाई हे कार्ड. पुणे आणि पिंपरी-चिंचवड महापालिकांनी नव्वदच्या दशकाच्या मध्यात त्यावर मोहोर उमटवली. पोलिसाने हटकलं की कार्ड पुढे करायचं.

दुसरी कमाई आकड्याची. 2001 च्या एका अभ्यासात या कामाचा हिशेब मांडला गेला. एक कचरावेचक दर महिन्याला महापालिकेसाठी सरासरी 246 रुपयांचं काम फुकट करत होती. पालिकेचा तेवढा वाहतुकीचा, उचलण्याचा खर्च वाचत होता. हा कागद टेबलावर ठेवल्यावर बोलण्याचा सूर बदलला. आरोग्य विम्याचा हप्ता महापालिकेने भरायला सुरुवात केली, ती त्यानंतरच.

[दृश्य : ट्रक, फुरसुंगीच्या दिशेचा रस्ता]

इकडे पुण्याचा कचरा डेपो जिथे होता, त्या उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या गावकऱ्यांनी शहरातून येणारा कचरा अडवायला सुरुवात केली होती. घराघरातून वर्गीकृत कचरा घ्या, असं केंद्राचे 2000 चे घनकचरा नियमही सांगत होते. महापालिकेला माणसं हवी होती, आणि शहरात हे काम येणारी माणसं आधीपासूनच होती.

2008 मध्ये 'स्वच्छ' या कचरावेचकांच्याच सहकारी संस्थेशी महापालिकेने पाच वर्षांचा करार केला. गाड्या, हातमोजे, रेनकोट आणि व्यवस्थापनाचा खर्च पालिकेचा. घरामागचं मासिक शुल्क नागरिकाने थेट ताईंच्या हातात द्यायचं. आणि सुक्या कचऱ्यातून निघालेलं भंगार ताईंचंच. हे शेवटचं कलम नीट लक्षात घ्या. टनावर पैसे घेणाऱ्या ठेकेदाराला जास्त वजन परवडतं. इथे वेगळं काढलेला प्रत्येक पुठ्ठा ताईंच्या खिशात जातो आणि डेपोत जाणारा कचरा कमी करतो. नवउद्योगाच्या परिसंवादांत पडद्यावर नेहमी एखादं ॲप झळकतं. पुण्याने शोधून काढलेली गोष्ट म्हणजे हा करारनामा, आणि त्याच्या मालक या बायका.

[दृश्य : फुटपाथवर पसरलेला सुका कचरा, बसून निवडणाऱ्या बायका]

वर्गीकरणासाठी शेड मिळावी ही जुनी मागणी. काही ठिकाणी मिळाली, बाकीच्यांना फुटपाथ. इथे पाऊस आला की पुठ्ठा भिजतो आणि भिजलेल्या पुठ्ठ्याला दुकानदार भाव पाडून मागतो.

करार संपतो, मुदतवाढ मिळते, मधेच खासगी ठेक्याची चर्चा उठते, बायका पालिकेवर मोर्चा नेतात. गुडघे, पाठ आणि म्हातारपणाची पेन्शन यावर अजून बोलणीच चालू आहेत. कचरावेचकांना व्यवस्थेत सामावून घ्या, हे 2016 पासून देशभराच्या नियमांत आहे. तीन हजारांवर सभासदांची संस्था घेऊन ते रोज करून दाखवणारं शहर पुणे.

[दृश्य : महिन्याच्या पहिल्या आठवड्यातली फेरी. वही, पेन, गळ्यात क्यूआर कोडचं कार्ड]

आज शुल्क गोळा करायचं आहे. दुसऱ्या मजल्यावरचे काका म्हणतात, "सुट्टे नाहीत हो, पुढच्या महिन्यात दोन्ही एकदम देतो." ताई कार्ड पुढे धरतात.

"मागच्या महिन्यात पण सुट्टेच नव्हते, काका. आता फोनवरून करा."

काका चष्मा आणायला आत जातात. ताई वहीत त्यांच्या नावापुढे दोन महिने लिहून मोकळ्या.