गिअर नाही म्हणजे चालतं?

[दृश्य: कॉलेज रोड, संध्याकाळ. क्लास सुटतोय.]

संध्याकाळची बॅच सुटली की नाशिकच्या कॉलेज रोडच्या मागच्या गल्ल्यांत जरा डोकावून पाहा. क्लासच्या दारात या मुलांच्या गाड्या नसतात. कुणी लायसन्स विचारायला नको म्हणून दोन वळणं सोडून, एखाद्या बंगल्याच्या कुंपणाशी लावलेल्या असतात. एमएच पंधरा, आईच्या नावावरची स्कूटर. चालवणारा अकरावीत, मागे आणखी दोघं, आणि तिघांत मिळून हेल्मेट एकही नाही.

या मुलांच्या घरी ‘गाडी द्यायची का’ यावर कधी बसून बोलणं झालेलं नसतं. आधी सोसायटीच्या आवारात एक चक्कर होते. मग कोपऱ्यावरून दूध, मग आजीच्या गोळ्या. एखाद्या दिवशी पाऊस असतो, रिक्षावाला जास्त मागतो, बाबांना कंपनीतून निघायला उशीर होतो, आणि मुलगा चावी घेऊन क्लासला जातो. परवानगी नेमकी कधी दिली, हे नंतर कुणालाच सांगता येत नाही.

विचारलं तर उत्तर तयार असतं. सोळा पूर्ण झालीत, गाडीला गिअर नाहीत, म्हणजे चालतं.

चालत नाही. मोटार वाहन कायदा १९८८ चा. त्याच्या चौथ्या कलमात १६ वर्षांच्या मुलाला सवलत आहे, पण ती ५० सीसीपर्यंतच्या इंजिनाला. पालकांची लेखी संमती, लर्निंग लायसन्स हे सगळं त्यानंतर. घराघरांत उभी असलेली स्कूटर ११० किंवा १२५ सीसीची असते, आणि तिच्यासाठी १८ पूर्ण लागतात. गिअर नसले तरी.

[दृश्य: जुनी लुना, गॅरेजच्या कोपऱ्यात.]

ही सवलत ज्या गाड्यांच्या काळात लिहिली गेली, त्या आता रस्त्यावर नाहीत. तेव्हा लुना होती. चढावर पायडल मारावं लागायचं, आणि डबलसीट बसलं की सायकलवालाही पुढे निघून जायचा. चालवणाऱ्याला रस्ता समजून घ्यायला वेळ मिळायचा. आजचा मुलगा सायकलवरून उतरतो तो थेट ऐंशीचा वेग गाठणाऱ्या गाडीवर बसतो. मधली पायरीच निखळली आहे. २५ किलोमीटरच्या आत धावणाऱ्या, २५० वॉटपर्यंतच्या विजेवरच्या स्कूटरना लायसन्स लागत नाही. ती पायरी त्या काही प्रमाणात भरून काढतात. पण वेगाचं बंधन काढून घेतलं की तीही सूट संपते, हे विकत घेताना समजून घेतलेलं बरं.

२०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला, तर पालकाला किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो. गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते. त्या मुलाला वयाच्या पंचविशीपर्यंत लायसन्स मिळत नाही. ‘न सांगता नेली हो’ म्हणून सुटका नाही. गाडी पालकांच्या संमतीनेच गेली असं न्यायालय धरून चालतं, आणि तसं नव्हतं हे पालकांनी सिद्ध करायचं असतं. समोरच्याला इजा झाली, तर विमा कंपनीने दिलेली भरपाई मालकाकडून वसूल करायची मुभाही न्यायालयं देतात. दोन-चारशेची पावती फाडून मोकळं होण्याचा हिशेब इथे लागू पडत नाही.

[दृश्य: द्वारका चौक, उड्डाणपुलाखालून.]

आता रस्ता. द्वारकेला मुंबई-आग्रा महामार्ग आणि पुणे रोड एकमेकांना भिडतात. वरून पूल गेला, तरी खाली बस, ट्रक, रिक्षा आणि पायी चालणारे एकाच वेळी निघालेले. इथे गाडी काढणं मोठ्या माणसालाही घाम फोडतं. शहराबाहेरचा धोका वेगळा. द्राक्षांच्या हंगामात दिंडोरी, निफाडच्या रस्त्यांवर, आणि पिंपळगाव-लासलगावला कांदा निघाला की बाजार समितीच्या वाटेवर ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग लागते. अंधारात मागे दिवा नसलेली ट्रॉली अगदी जवळ आल्यावर दिसते. गाडी ताशी ६० किलोमीटरने जात असेल, तर एका सेकंदात जवळपास १७ मीटर कापते. ट्रॉली दिसून हात ब्रेकवर जाईपर्यंत तेवढं अंतर संपलेलं असतं. ब्रेक त्यानंतर लागतो.

२०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. त्यांतली साधारण ४४ टक्के दुचाकीवरची होती.

मुलाच्या हातात कसब नसतं, असं मात्र कुणी समजू नये. गर्दीतून गाडी काढणं, तोल, वळण यांत सोळा वर्षांचा मुलगा बापाला मागे टाकेल. उणीव असते ती समोरचा काय करेल याच्या अंदाजाची. कडेच्या रिक्षाचं पुढचं चाक वळलंय, म्हणजे ती आता आत घुसणार. उभ्या बसच्या पुढून कुणीतरी पळत येणार. हे वर्षानुवर्षं रस्ता पाहून येतं. आणि मागे मित्र बसला की जे थोडंफार येत असतं तेही विसरायला होतं. किशोरवयीन चालकासोबत त्याच्याच वयाची मुलं असली की धोका वाढतो, हे परदेशांतल्या अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसलं आहे.

म्हणून आमचं मत सरळ आहे. अठरा होईपर्यंत चावी द्यायची नाही. मात्र मधली दोन वर्षं वाया घालवायची नाहीत. मुलाला मागे बसवून ‘आता हा काय करेल, सांग’ असं विचारत चला. सायकल गल्लीतून मुख्य रस्त्यावर येऊ द्या, सुरुवातीला स्वतः बरोबर राहून. आठाचा आकडा काढून लायसन्स मिळतं; द्वारका ओलांडायची अक्कल त्या परीक्षेत तपासली जात नाही.

[दृश्य: पेट्रोल पंप.]

ऑगस्ट २०२१ मध्ये नाशिक पोलिसांनी ‘नो हेल्मेट, नो पेट्रोल’ सुरू केलं, तेव्हा पंपावर शेजाऱ्याचं हेल्मेट डोक्यावर टेकवून टाकी भरणारे नाशिककर आपण पाहिले. मागच्या सीटवरून मुलंही ते पाहत होती. हेल्मेटमुळे दुचाकीस्वाराच्या डोक्याला इजा होण्याचा धोका ६९ टक्क्यांनी आणि मृत्यूचा ४२ टक्क्यांनी कमी होतो, असं वेगवेगळ्या अभ्यासांची एकत्र छाननी केल्यावर आढळलं. तेही आयएसआय खुणेचं, डोक्याच्या मापाचं आणि पट्टा लावलेलं असेल तर. कोपरात अडकवलेलं हेल्मेट कोपरच वाचवतं.

निकालाची भेट म्हणून १५०-२०० सीसीची बाईक देणाऱ्यांना दोन शब्द. अठराव्या वाढदिवसाने अंदाज येत नाही. घरातलीच स्कूटर द्या. पहिले काही महिने मागे कुणी नाही, अंधार पडल्यावर नाही, आणि मित्रांबरोबर त्र्यंबक किंवा कसारा घाट तर नाहीच. मुलगा चिडेल. चिडू द्या.

[दृश्य: अंबड औद्योगिक वसाहत, शिफ्ट सुटते.]

यातला अवघड भाग वेगळाच आहे. अंबड-सातपूरला दुसऱ्या शिफ्टला असलेल्या आईबापांनी मुलाला क्लासला सोडायचं कसं? ‘नाही’ म्हणायचं, तर त्या नकाराचा खर्चही घरानेच उचलावा लागतो. शेजारच्या तीन-चार घरांनी मिळून रिक्षा लावली, तर तो विभागला जातो. सिटीलिंकची शहर बस आहे, पण ती सगळ्या वाटांनी आणि सगळ्या वेळी नाही. तालुक्यातल्या मुलींना बारावीपर्यंत एसटीचा पास मोफत असतो, पण शेवटची गाडी कितीला आहे यावर सगळं अडतं. क्लासला नाव घालताना आपण फी विचारतो, मागच्या वर्षीचा निकाल विचारतो. बॅच किती वाजता सुटते आणि त्यानंतर घरी यायला बस आहे का, हे त्याच टेबलावर विचारा. चार पालकांनी विचारलं, तर क्लासवाले बॅच अर्धा तास अलीकडे आणूही शकतात.