भिंतीवरचा खिळा

(निवेदन. पडद्यावर स्वयंपाकघराची भिंत, त्यावर एकच खिळा. बाहेर बंदराचा भोंगा.)

वास्को. सकाळचे साडेसहा. मावशीच्या ओट्याच्या वर, हात पोचेल एवढ्या उंचीवर हा खिळा आहे. घर दोनदा रंगवून झालं, पण रंगाऱ्याला दोन्ही वेळा ताकीद होती, याला हात लावायचा नाही. खिळ्याला कालनिर्णय, आणि कालनिर्णयाला दोऱ्यानं बांधलेली पेन्सिल. पेन का नाही? मावशी म्हणते, "पावसात शाई फुटते." ज्यानं गोव्यातला जुलै काढलाय त्याला पुढचं सांगायला नको.

घर ख्रिस्ती, बोली नगरकडची. गोवा मुक्त झाल्यावर काही वर्षांनी मावशीचे वडील बंदरात कामाला आले आणि इथलेच झाले. तर तारखांच्या चौकटीत संकष्टी, एकादशी आपापल्या जागी असतात, आणि उरलेल्या जागेत मावशीचं बारीक अक्षर. दूध दीड लिटर. गॅस लावला. लाईट बिल भरलं. मधूनच एखाद्या ओळीपुढे तांदळाच्या दाण्याएवढा क्रूस.

क्रूस म्हणजे उपकार. देवानं केलेला, आणि देवानं ज्याच्या हातून केला त्याचाही.

(पलंगाखालून रेक्झिनची पिशवी बाहेर येते. डांबराच्या गोळ्या घरंगळतात.)

जुनी कॅलेंडरं या पिशवीत. १९९४ पासूनची आहेत. दोन वर्षांची नाहीत, एका पावसाळ्यात छप्पर गळलं तेव्हा त्यांचा लगदा झाला. त्या दोन वर्षांचं विचारलं की मावशी हसते. "तेव्हाही सांभाळलंच असणार. पण पुरावा नाही ना!"

सप्टेंबर २०१२ चं पान बघा. तारीख १०, सोमवार. चौकटीत दोनच शब्द: खाणी बंद.

त्या दिवशी राज्य सरकारनं गोव्यातलं लोहखनिजाचं खाणकाम थांबवलं, आणि पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाची बंदी आली. बेकायदा उपशाचा प्रश्न खरा होता, त्यावर वाद नाही. पण खाण बंद म्हणजे ट्रक बंद, आणि ट्रक बंद म्हणजे मांडवी-जुवारीतून मुरगावला माल आणणारी बार्ज बंद. काका बार्जवर खलाशी होते. त्यांना घरी बसवलं. बाकी राहिलेला पगार कधी मिळाला? तो राहिलाच.

आता खाली या. तारीख २३. "उकडे तांदूळ ५ किलो. शेजारीण. परत करू नकोस म्हणाली." पुढे क्रूस. ऑक्टोबर, ४ तारीख: "शाळेची फी, हप्ता करून दिला." क्रूस. ऑक्टोबर, १९: "काका हसले." क्रूस.

बस, एवढंच. कशाला हसले ते लिहिलेलं नाही, आणि आता दोघांनाही आठवत नाही.

मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, सभेत आम्ही साक्षी देतो. उभं राहायचं, "प्रभूनं वर्षभर सांभाळलं, त्याची उपकारस्तुती करते," म्हणायचं आणि बसायचं. मीही तेच केलंय. ते खोटं नसतं, पण त्या वाक्याला कुठेच बोट ठेवता येत नाही. पुन्हा घरात पगार थांबतो तेव्हा असं गुळगुळीत वाक्य धरून ठेवता येत नाही, हातातून निसटतं. पाच किलो धरता येतात. उकडे होते, हेही आठवतं.

बायबलमधल्या यहोशवाच्या पुस्तकात इस्राएल लोक यार्देन नदी कोरड्या पायांनी ओलांडतात, आणि तिच्या पात्रातले बारा धोंडे उचलून गिलगालात उभे करतात. कारण दिलंय तेही अगदी घरगुती: उद्या पोरं विचारतील, हे धोंडे कशाचे? म्हणजे मोठी माणसं विसरणार हे गृहीतच आहे. त्याआधी मिसरातून निघताना समुद्र दुभंगलेला पाहिलेली पिढीसुद्धा चार दिवसांत पाण्यावरून कुरकुरली होती, आपली काय कथा.

(भाताची लोंबी. ऑगस्टमधलं चित्रण.)

शेजारीण कॅथलिक. ऑगस्टात कणसांच्या फेस्ताला पाद्रीबाब नव्या भाताला आशीर्वाद देतात, त्यातली एक लोंबी ती मावशीला आणून देते. चवथीला हिंदू घरांतही नवं येतंच. आमच्या प्रोटेस्टंट मंडळीत कापणीचा सण निराळा, तिथं नारळ-भोपळ्यांचा लिलाव होतो आणि दहा रुपयांचं लिंबू दोनशेला जातं. पण लोंबी आली की मावशी ती कालनिर्णयाच्या वर त्याच खिळ्यात खोचते. पुढची येईपर्यंत तिथंच.

गोव्यात मराठीतून देवाची करणी लिहून ठेवायची रीत जुनी आहे. इंग्लंडहून आलेला फादर स्टीफन्स हा जेझुइट पंथाचा धर्मगुरू १५७९ मध्ये गोव्यात उतरला आणि इथंच १६१९ मध्ये वारला. आदामापासून ख्रिस्तापर्यंतची कथा त्यानं मराठी ओव्यांत रचली. ते ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये सासष्टीतल्या राशोलला छापलं गेलं. छापलं रोमन लिपीत, ओवी मात्र अस्सल इथली. पुढे १६८४ मध्ये पोर्तुगीज सरकारनं लोकभाषेवरच बंदीचं फर्मान काढलं. पहिल्या छपाईची एकही प्रत आज कुणाच्या माहितीत नाही. ग्रंथ तरला तो हातानं उतरवून घेतलेल्या पोथ्यांवर, आणि १९०७ मध्ये मंगळूरला तो पुन्हा छापला गेला. कुणीतरी, कुठल्यातरी घरात, दिव्याशी बसून ओवीखाली ओवी लिहीत राहिलं होतं. मावशीला हे सांगितलं तेव्हा तिनं विचारलं, "शाईनं लिहिलेलं टिकलं?"

३१ डिसेंबरला, वर्षाखेरच्या उपासनेला निघण्याआधी, घरात वाचन होतं. १३६ वं स्तोत्र मावशीला पाठ आहे. सव्वीस वचनं, प्रत्येकाचा शेवट एकच: त्याची दया सनातन आहे. पण दर वचनाचा पहिला भाग मोजून-मापून सांगितलेला, अमोऱ्यांचा राजा सीहोन, बाशानाचा राजा ओग, नावानिशी. मावशी त्याच चालीवर कॅलेंडर वाचते. ती ओळ म्हणते, बाकीच्यांनी पालुपद म्हणायचं.

"मार्च, सात. काकांचा मोतीबिंदू काढला."

"त्याची दया सनातन आहे."

"एप्रिल, चौदा. गॅस संपला, पाहुणे जेवून उठल्यावर."

"त्याची दया सनातन आहे!" पोरं खिदळतात. खिदळायला मनाई नाही.

(मे २०२१ चं पान. कॅमेरा जवळ जातो.)

हे पान मीच काढायला लावलं. १२ मे: "दादा गेला." दादा म्हणजे मावशीचा थोरला भाऊ. कोविडचे ते दिवस, गोव्यात ऑक्सिजनची मारामार. रात्रभर सगळी मंडळी फोनवर प्रार्थना करत होती. ओळीपुढे काही नाही. मग १६ मे: "वादळ. लाईट गेली." ते तौक्ते. आणि १९ मे: "लाईट आली." क्रूस.

मी विचारलं, लाईटीला क्रूस, आणि दादामामाला नाही?

मावशीनं पान बराच वेळ हातात धरलं. "तिथं कुठली खूण करायची ते मला अजून कळलेलं नाही," ती म्हणाली. "म्हणून जागा सोडलीय."

खोडावंसं वाटलं नाही?

"खोडायला लागले तर तांदळांपासून खोडावं लागेल."

त्या वर्षीच्या वाचनात ही ओळ आली तेव्हा मी तिथं होतो. मावशी थांबली नाही, आवाजही बदलला नाही. "मे, बारा. दादा गेला." पालुपद कुणालाच म्हणवेना. पंख्याचा आवाज तेवढा येत होता. मग काकांनी, जे एरवी वाचनात पेंगत असतात, एकट्यानं ते म्हटलं. अगदी हळू, शेवटचा शब्द घशातच राहिला. मावशीनं मान हलवली आणि पुढची तारीख घेतली.

(पुन्हा भिंत. नवं कॅलेंडर खिळ्यावर चढतं. जुन्या कॅलेंडरची पेन्सिल सोडवून नव्याला बांधली जाते.)

पेन्सिल आता बोटभर उरलीय. मावशी विळीच्या पात्यावर तिला टोक काढते, चष्मा कपाळावरून खाली ओढते.

१ जानेवारी. दूध दीड लिटर.