‘ताई, हुकूम होता, करणार काय?’ – हे आता पुरे!

नमस्कार मंडळी! दुसऱ्या महायुद्धात साध्या जर्मन पोलिसांनी आणि सैनिकांनी निःशस्त्र लोकांना का मारलं, यावरच्या मागच्या व्हिडिओखाली एकच वाक्य किती जणांनी लिहावं? ‘ताई, हुकूमच होता. नाही म्हटलं असतं तर गोळी घातली असती.’ एकाने तर तीनदा लिहिलंय. म्हणून आज परत बसले. हिटलर, ज्यूद्वेष, प्रचार, रशियातली थंडी हे तुम्हाला पाठ आहे, पुढे जाते.

13 जुलै 1942. जर्मनांच्या ताब्यातल्या पोलंडमधलं युझेफुफ गाव. जर्मनीतल्या हँबर्गहून आलेली राखीव पोलीस बटालियन 101. हो, पोलीस! लष्कराकडे येतेय, लगेच टायपायला घेऊ नका. पाचशेच्या आसपास माणसं, बरीचशी चाळिशीकडे झुकलेली, बायकापोरांची. त्यांचा मेजर ट्राप रडवेला होऊन सांगतो, गावातले ज्यू मारायचेत. वयाने मोठ्या असलेल्यांपैकी ज्याला झेपणार नाही त्याने पुढे यावं. आले जेमतेम डझनभर. त्यांना गोळी घातली? छे! दुसऱ्या कामाला लावलं. त्या दिवसात सुमारे 1500 माणसं मारली गेली.

बरं, युझेफुफ सोडा. युद्धानंतरच्या खटल्यांत ‘जिवाची भीती होती’ हा बचाव वर्षानुवर्षं चालला. पण निःशस्त्र लोकांना मारायला नकार दिला म्हणून कुणाला मारून टाकलं, असं एक प्रकरण बचावाच्या वकिलांना सिद्ध करता आलं नाही. एकही!

आता लष्कर. रशियावर चढाई करण्याआधी, मे 1941 मध्ये, फर्मान निघालं: सोव्हिएत नागरिकांवर सैनिकाने गुन्हा केला तरी खटला भरलाच पाहिजे असं नाही. मारलं तर विचारणारं कुणी नाही, अशी मोकळीक आधीच दिलेली. आणि गंमत बघा, गोळी होतीच, पण सैन्यातून पळून जाणाऱ्याला! इतिहासकार ओमेर बार्तोव्ह या दोन्ही गोष्टी एकत्र मांडतात: स्वतःच्या सैनिकांवर कमालीची कडक शिस्त आणि समोरच्या लोकांवर राग काढायला मोकळं रान.

मग त्या बटालियनने मारलं का? 1960च्या दशकात या पोलिसांचे जबाब घेतले गेले. क्रिस्टोफर ब्राउनिंग आणि डॅनियल गोल्डहागेन या दोन अभ्यासकांनी तेच कागद वाचले आणि दोघं भांडले. गोल्डहागेन म्हणतात, ज्यूद्वेष मुरलेला होता. नुसता नाइलाज असता तर या कामाचे फोटो काढून जपले कशाला? ब्राउनिंग जास्त भर देतात सोबत्यांच्या दडपणावर. घाणेरडं काम दुसऱ्यांच्या गळ्यात टाकून आपण बाजूला कसं व्हायचं?

मला ब्राउनिंग जास्त पटतात. कॉलेजात एनसीसीच्या कॅम्पमध्ये एका मुलीची सगळी रांग टर उडवत होती. मीही हसले. मला कुणी हुकूम दिला नव्हता. (दोन्हींची तुलना करत नाहीये, तीही कमेंट येणार, माहितीये.)

आणि बटालियनमधले जे बाजूला झाले ना, त्यांतले बरेच ‘हे चूक आहे’ असं म्हणाले नाहीत. म्हणाले, ‘मी कच्च्या मनाचा आहे.’