पंचावन्न विजयांचा हंगाम

मित्रहो, फळ्यावर लिहिलेत ते तीन आकडे आधी बघून घ्या. ५५, १६, १. कॅनडाच्या सस्कॅचवान प्रांतातल्या स्विफ्ट करंट ब्रॉन्कोज या ज्युनियर आइस हॉकी संघाचा हा १९८८-८९चा हंगाम. बहात्तर सामने, पंचावन्न जिंकले, सोळा हरले, एक बरोबरीत सुटला. पुढे प्लेऑफमध्ये, म्हणजे हंगामाअखेरच्या बाद फेऱ्यांत, लागोपाठ बारा सामने खेळले आणि बाराही जिंकले. मीही या संघाला पहिल्यांदा भेटलो ते या आकड्यांतूनच, आणि बरीच वर्षं तेवढ्यावरच खूश होतो.

ज्युनियर म्हणजे काय, ते थोडक्यात सांगतो. सोळा ते वीस वर्षांची मुलं. विसाव्या वर्षाचे खेळाडू संघात तीनच ठेवता येतात, त्यामुळे संघ दरवर्षी निम्मा-शिम्मा बदलतो. मुलं घरापासून शेकडो किलोमीटर लांब, गावातल्या कुणाच्या तरी घरी राहतात. त्या घराला ‘बिलेट’ म्हणतात. दिवसा शाळा, दुपारी सराव, आणि सामना दुसऱ्या गावात असला की बस. ब्रॉन्कोज खेळतात ती वेस्टर्न हॉकी लीग तर ब्रिटिश कोलंबियापासून मॅनिटोबापर्यंत पसरलेली आहे, अमेरिकेतलेही काही संघ तिच्यात आहेत. तेव्हा हंगामातले कितीतरी तास बर्फावर नाही, बसच्या खिडकीला डोकं टेकून जातात. वर हंगामाच्या मध्येच संघांमध्ये खेळाडूंची अदलाबदल होते. सतरा वर्षांच्या मुलाला कळवलं जातं, तुझा संघ बदलला, सामान बांध. आपण याला खेळ म्हणतो खरं, पण मला तरी ही नोकरीच वाटते, तीही घरच्यांशिवाय केलेली.

मराठीत ‘हंगाम’ शब्द पिकालाही लागतो, खेळालाही. स्विफ्ट करंटमध्ये दोन्ही अर्थ एकमेकांना खेटून आहेत. सगळा गव्हाचा मुलूख, गाव त्या काळी पंधरा-सोळा हजार वस्तीचं. कापणी उरकता उरकता हॉकी सुरू होते ती वसंतापर्यंत. १९७४ साली हा संघ गावातून लेथब्रिजला हलवला गेला होता. १९८६ मध्ये तो परत आला. बारा वर्षांनी आपला संघ आपल्या गावात, म्हणजे गावाला केवढा आनंद!

त्याच पहिल्या हंगामात, ३० डिसेंबर १९८६ ला, संघ रेजायनाला सामन्यासाठी निघाला. गाव सोडून फार लांबही गेले नव्हते. रस्त्यावर न दिसणारा बर्फाचा पातळ थर होता, बसचा ताबा सुटला, बस रस्ता सोडून उडाली आणि आडवी झाली. मागच्या बाजूला चौघे पत्ते खेळत बसले होते. ते चौघेही गेले. सर्वांत लहान सोळा वर्षांचा होता. वाचलेल्यांत एक सतरा वर्षांचा मुलगा होता, जो सॅकिक. पुढे नॅशनल हॉकी लीग या सर्वांत मोठ्या व्यावसायिक लीगमध्ये कोलोरॅडो संघाचा कर्णधार म्हणून त्यानं तिचा चषक, स्टॅनली कप, दोनदा उचलला.

जानेवारीतच संघ पुन्हा बर्फावर उतरला. जर्सीवर चार पानांच्या क्लोव्हर या रानरोपाचं चिन्ह शिवलं होतं, पानापानावर गेलेल्या चौघांपैकी एकेकाचा नंबर : ८, ९, ११, २२. त्या वर्षी ते प्लेऑफपर्यंतही पोहोचले.

आणि मग आपला १९८८-८९चा हंगाम. मेमोरियल कप ही ज्युनियर हॉकीतली सर्वांत मोठी स्पर्धा. पहिल्या महायुद्धात मेलेल्या कॅनेडियन सैनिकांच्या स्मरणार्थ १९१९ मध्ये सुरू झालेली. त्या वर्षी ती होती सस्कॅटूनला. अंतिम सामना यजमान सस्कॅटून ब्लेड्सशी, म्हणजे त्याच प्रांतातल्या शेजाऱ्यांशी. ३-३. जादा वेळ. ज्युनियर हॉकीतल्या जादा वेळेत पहिला गोल झाला की खेळ खलास. तो गोल ब्रॉन्कोजनं केला. दोन-अडीच वर्षांपूर्वी त्या बसमध्ये असलेली काही मुलं अजून संघात होती. मृत्यूतून उठून शिखरावर गेलेला संघ! वर्तमानपत्रांना याहून काय हवं असतं? हॉकीच्या एका नावाजलेल्या नियतकालिकानं संघाचा प्रशिक्षक ग्रॅहम जेम्स याला ‘मॅन ऑफ द इयर’ ठरवलं.

इथं मला थांबायचंय. ही गोष्ट इतकी गोळीबंद आहे की तिला हात लावावासा वाटत नाही, आणि नेमका तोच घोटाळा आहे.

त्या संघात शेल्डन केनेडी होता. अपघाताच्या वेळी बसमध्येही होता. पुढे नॅशनल हॉकी लीगमध्ये खेळला. १९९६ मध्ये तो पोलिसांकडे गेला आणि सांगितलं की जेम्सनं आपल्यावर वर्षानुवर्षं लैंगिक अत्याचार केले, आपण चौदा वर्षांचे असल्यापासून. जानेवारी १९९७ मध्ये जेम्सनं गुन्हा कबूल केला. शिक्षा साडेतीन वर्षं. नंतर आणखी खेळाडू पुढे आले, आणखी शिक्षा झाल्या.

आता अपघाताकडे पुन्हा बघा. चार मित्र डोळ्यांदेखत गेलेल्या त्या मुलांना मानसोपचारतज्ज्ञाची मदत मिळाली नव्हती. बाहेरच्या माणसाची गरज नाही, आपलं आपण निभावू, असं म्हणत प्रशिक्षकानंच ती नाकारल्याचं खेळाडूंनी पुढे सांगितलं. त्या वेळी हे लोकांना कणखरपणा वाटलं असणार. पण बाहेरचा माणूस आत आला असता, तर मुलं त्याच्याशी बोलली असती, आणि केवळ अपघाताबद्दलच बोलली असती असं नाही. हे कुणाला नको होतं, ते तुम्हीच ठरवा.

बर्फावर कोण उतरणार, कुणाची अदलाबदल होणार, मोठ्या लीगच्या माणसांसमोर कुणाची तारीफ होणार, हे सगळं एका माणसाच्या मुठीत. आईबाप दूर. अशा ठिकाणी मुलगा तक्रार करणार कुणाकडे? आणि केली, तर संघ जिंकत असताना ती ऐकणार कोण? मला पुष्कळदा विचारतात, म्हणजे ते पंचावन्न विजय खोटे का? अजिबात नाही. ते मुलांनी मिळवलेत, मुलांचेच आहेत. मॅन ऑफ द इयरचे नाहीत.

६ एप्रिल २०१८. पुन्हा सस्कॅचवान, पुन्हा ब्रॉन्कोज हेच नाव, पण गाव हम्बोल्ट. खालच्या दर्जाची ज्युनियर लीग. प्लेऑफच्या सामन्यासाठी निपाविनला निघालेली बस एका चौकात ट्रकवर आदळली. सोळा जण गेले, तेरा जखमी झाले. कॅनडाभर लोकांनी घराच्या दाराबाहेर हॉकी स्टिका टेकवून ठेवल्या, रात्री पोर्चचे दिवे चालू ठेवले. ट्रकचालकाला थांबण्याची खूण असूनही तो थांबला नव्हता. पुढल्या वर्षी प्रांतानं ट्रकचालकांना प्रशिक्षण सक्तीचं केलं.

या वेळी मात्र मुलांना आणि घरच्यांना एकटं सोडलं नाही, समुपदेशक लगेच आले. आणखीही काही माणसं आली. १९८६ च्या त्या बसमधून वाचलेले, आता पन्नाशीला टेकलेले, केनेडीसह काही जण आपणहून हम्बोल्टला गेले आणि लोकांमध्ये बसले.

१२ सप्टेंबर २०१८ ला हम्बोल्टचा नवा हंगाम घरच्या मैदानावर सुरू झाला. समोर निपाविनच. बसमधून वाचलेले दोघे त्या संध्याकाळी हम्बोल्टकडून खेळले. निपाविन जिंकलं, २-१.