राजा द्वारकेचा, हिशेब मराठीत

संयोजकांनी विषय दिला होता, 'मराठी अस्मितेचे शिल्पकार : देवगिरीचे यादव'. मी म्हटलं, शेवटी प्रश्नचिन्ह टाकलंत तर येतो. पत्रिकेवर ते अगदी बारीक छापलंय, पण आहे.

चाळीसगावजवळच्या पाटणला देवीचं देऊळ आहे, तिथल्या एका शिलालेखापासून सुरुवात करतो. शके ११२८, म्हणजे इसवी सन १२०६ च्या सुमाराचा. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव, सिंघण यादवाच्या पदरचा ज्योतिषी. आजोबांचे ग्रंथ शिकवायला त्याने मठ काढला आणि यादवांच्या मांडलिक निकुंभ घराण्याने त्या मठाला उत्पन्न लावून दिलं. लेखाचा बराचसा भाग संस्कृत आहे. राजांची वंशावळ, आजोबांची विद्वत्ता, सगळं छंदोबद्ध. आणि मग भाषा एकदम खाली उतरते, बाजारात येते. 'इयां पाटणीं जें केणें उघटे...' केणें म्हणजे माल. या पाटणात जो माल विकायला निघेल, त्यावर गिऱ्हाइकाकडून राजाला जे मिळायचं ते आता मठाला दिलं. पुढे घाण्यांची गोष्ट येते. जेवढे घाणे चालतील, तेवढ्यांकडून पळी पळी तेल.

आता हे मराठीत का? स्तुती राजाने ऐकायची होती, पण पळीभर तेल तेल्याला आणून द्यायचं होतं. त्याला कळलंच नाही तर मठातला दिवा लागणार कसा?

हे डोळ्यांपुढे ठेवा आणि मग यादवांची बाजू ऐका. ती लंगडी नाही. पाचव्या भिल्लमाने बाराव्या शतकाच्या शेवटी देवगिरीला राजधानी केली. त्यानंतर सव्वाशे वर्षं या घराण्याने मराठी मुलुखाचा मोठा भाग एका छत्राखाली आणला. रामदेवरावाच्या काळात म्हाइंभटाचं लीळाचरित्र झालं, १२९० मध्ये नेवाश्याला ज्ञानेश्वरी झाली, आणि तिच्या शेवटी ज्ञानदेवांनी या राजाचं नाव घेऊन 'न्यायातें पोषी' असं म्हटलं. पंढरपूरचा चौऱ्यांशीचा लेख १२७३ ते १२७७ या वर्षांतला. देवळाला कोणी किती दिलं याची ती यादी, आणि तिच्यात रामदेवराव आहे, त्याचा मंत्री हेमाद्री पंडितही आहे. एवढं सगळं एकाच पिढीत घडलं म्हटल्यावर कोणालाही वाटेल, करणारा राजाच.

पण राजा स्वतःला काय म्हणवतो ते पाहा. 'द्वारावतीपुरवराधीश्वर', द्वारकेचा धनी. 'यादवनारायण'. 'प्रौढप्रतापचक्रवर्ती'. या बिरुदांत मराठी कुठेच नाही. त्याला कृष्णाच्या कुळाशी नातं सांगायचं होतं, पाटणच्या तेल्याशी नव्हे. दरबारातली मोठी कामंही संस्कृतात. हेमाद्रीचा चतुर्वर्गचिंतामणी संस्कृत, सिंघणाच्या आश्रयाला असलेल्या शार्ङ्गदेवाचा संगीतरत्नाकर संस्कृत. आणि राज्याच्या दक्षिणेकडचे यादवांचे लेख सर्रास कानडीत. मला यात काही वावगं दिसत नाही. ज्या प्रजेकडून जे हवं ते तिच्या भाषेत मागायचं, इतका तो व्यवहार सरळ होता. आजच्या सीमावादात हे लेख एकमेकांना फेकून मारणाऱ्या दोन्हीकडच्या मंडळींनी एकदा ते शांतपणे वाचावेत.

शिवाय कोरीव मराठी यादवांच्या आधीची आहे. सोलापूरजवळ हत्तरसंग-कुडलचा लेख १०१८ चा, तेव्हा तिथे कल्याणीचे चालुक्य. श्रवणबेळगोळला गोमटेश्वराच्या पायाशी 'श्रीचावुण्डराजें करवियलें' ही अक्षरं आहेत, तीही यादव स्वतंत्र होण्याआधीची. पण आपल्याला श्रेय एका नावावर टाकायची सवय आहे. काळ्या दगडाचं, चुन्याशिवाय रचलेलं देऊळ दिसलं की आपण म्हणतो हेमाडपंती. अंबरनाथचं देऊळ १०६० चं, शिलाहारांच्या काळातलं. हेमाद्री त्यानंतर दोनशे वर्षांनी आला, तरी त्याच्या नावावर ते आहेच.

मग 'आपण महाराष्ट्राचे' हे पहिल्यांदा ठासून कोण म्हणालं? ज्यांचं दरबाराशी फारसं जमलं नाही, ते. महानुभाव पंथाचे संस्थापक चक्रधरस्वामी मूळचे गुजरातचे. त्यांनी शिष्यांना सांगितलं, 'महाराष्ट्रीं असावें', कानडदेशी, तेलंगदेशी जाऊ नये. पुढे महानुभावांनी त्यावर भाष्य करताना महाराष्ट्राची व्याख्याच केली, आणि ती कोणाच्या राज्याने नाही, तर मऱ्हाटी जिथवर चालते त्यावरून. चक्रधरांनंतर पंथाची धुरा नागदेवाचार्यांकडे आली. एका पंडिताने त्यांना संस्कृतात काही विचारलं, तर ते म्हणाले, तुमचं अस्मात् कस्मात् मला कळत नाही, मला चक्रधरांनी मऱ्हाटीत सांगितलंय, तीतच विचारा. पंडिताला, तोंडावर! याच चक्रधरांच्या छळात हेमाद्रीचा हात होता असं पंथाची परंपरा सांगते. सगळ्या तपशिलांवर अभ्यासकांचं एकमत नाही, पण दोन्ही बाजूंत प्रेम नव्हतं एवढं उघड आहे.

इथे माझ्याच मांडणीला एक अडचण येते, ती लपवत नाही. महानुभावांनी आपले ग्रंथ सांकेतिक लिपीत कोंडून ठेवले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ती लिपी उलगडेपर्यंत पंथाबाहेरच्या मराठी माणसाला ते वाचता येत नव्हते. मग जी व्याख्या कोणी वाचलीच नाही, तिने कोणाची ओळख घडवली? व्याख्येने नाहीच घडवली, असं मी म्हणेन. ते काम पंढरीच्या वाटेने केलं. ती वाट चालणाऱ्यांना आपण कुठल्या राज्यातून कुठल्या राज्यात आलो याच्याशी कर्तव्य नव्हतं.

मग राजाच्या वाट्याला काहीच नाही? आहे. बाजार भरता राहिला, रस्ते चालते राहिले, आणि गावोगावी देण्याघेण्याचा मराठी मजकूर दगडावर चढला, म्हणजे त्याला हुकुमाचं वजन आलं. सरकारी कागदात आलेली भाषा सहजी हटत नाही. पण ही सोय म्हणून झालेली गोष्ट. तिला अस्मितेचा कार्यक्रम म्हणणं म्हणजे आपला चष्मा रामदेवरावाच्या नाकावर ठेवणं.

१२९६ मध्ये अलाउद्दीन आला. १३१८ मध्ये रामदेवरावाचा जावई हरपालदेव दिल्लीच्या सुलतानाकडून हालहाल होऊन मारला गेला आणि द्वारकेच्या धन्याचं घराणं संपलं. त्यानंतर सव्वादोनशे वर्षांनी विजापूरच्या पहिल्या इब्राहिम आदिलशहाने महसुलाचे हिशेब फारसीऐवजी देशी भाषेत लिहायला लावले. ते लिहायला माणसं गावागावात तयारच बसली होती.